गोणपाट बांधलेली घंटा

मी एक जुनी पितळी घंटा आहे, आणि मी रागावलेली आहे. हे आधीच सांगून टाकते. मित्रांनो, आत्मवृत्त सांगणाऱ्या वस्तू बहुधा सोशिक असतात. फाटकी छत्री मुसमुसते, मोडकी खुर्ची उसासे टाकते आणि शेवटी दोघी सगळ्यांना माफ करून मोकळ्या होतात. माझ्याकडून तसली अपेक्षा ठेवू नका. मी घंटा आहे. मला मुळूमुळू रडता येत नाही, मला फक्त ठणाणा करता येतो. आणि माझ्या उमेदीच्या काळात नेमका तोच मला करू दिला नाही.

सध्या मी ताथवड्यातल्या एका उंच इमारतीत, लहान मुलांना दिवसभर सांभाळतात अशा ठिकाणी, दारातल्या भिंतीवर शोभेला टांगलेली आहे. मला चकचकीत रोगण लावलं आहे. येणारे-जाणारे म्हणतात, "वा! जुनी दिसतेय!" जुनी आहेच मी. पण कशासाठी होते, ते कोणी विचारत नाही. म्हणून न विचारताच सांगते.

माझा जन्म चाकणचा. बाजारतळाच्या मागे धर्माजी ओतारी यांची भट्टी होती. चेपलेल्या घागरी, गळके तांबे, दांडा तुटलेले पळे असं मोडीत आलेलं पितळ ते वितळवायचे आणि त्याच्या घंटा ओतायचे. स्वातंत्र्याला तेव्हा सात-आठ वर्षं झाली असतील. एका दुपारी एक तरुण बाई भट्टीपाशी आल्या. पांढरं सुती पातळ, पायात धुळीनं माखलेल्या चपला, चेहऱ्यावर नव्या कामाची घाई. त्यांचं नाव कुसुमताई.

"घंटा कशापायी पायजे, ताई?" धर्माजींनी विचारलं. "देवळाला का बैलाला?"

"लेकरांना," कुसुमताई म्हणाल्या. "म्हणजे लेकरांसाठी. त्यांना भूक लागली की त्यांच्या आयांना हाक मारायला."

धर्माजींनी आयुष्यात पुष्कळ घंटा ओतल्या होत्या, पण अशी मागणी त्यांच्याकडं पहिल्यांदाच आली असावी. त्यांनी हातातला चिमटा खाली ठेवला. मग म्हणाले, "मंग आवाज आईच्या काळजापतूर गेला पायजे. लोळा जड घालतो."

लोळा म्हणजे घंटेच्या पोटात लोंबतो तो. माझी जीभच म्हणा ना. धर्माजींनी शब्द पाळला. त्यांनी मला साच्यातून काढलं, घासून लखलखीत केलं आणि दोरीला एक हिसका दिला, तेव्हा बाजारतळावरच्या बैलांनी माना वर केल्या. मला स्वतःचा फार अभिमान वाटला. लेकरांची भूक आयांना कळवायची, याहून मोठं काम घंटेला दुसरं कोणतं मिळणार?

कुसुमताईंनी मला एसटीतून मांडीवर घेऊन पिंपरीला आणलं. तेव्हाची पिंपरी आजची नव्हती. मुंबई-पुणे रस्त्याच्या दोन्ही अंगांना बाजरीची रानं होती आणि मधूनच एखादं नवं धुराडं उभं राहिलेलं दिसायचं. त्यातलंच एक कंदिलांच्या कारखान्याचं होतं. तिथे कंदिलाच्या काचा तपासायच्या, पुसायच्या आणि पेंढ्यात गुंडाळून खोक्यात भरायच्या, हे काम बायकांचं. काळेवाडी-रहाटणीच्या शेतकरी घरांतल्या बायका होत्या, साताऱ्या-नगरकडून पोटासाठी आलेल्या होत्या. कारखान्यात ठरावीक आकड्याहून जास्त बायका असल्या की त्यांच्या लेकरांसाठी पाळणाघर काढलंच पाहिजे, असा सरकारचा नवा कायदा झाला होता. मालकांनी नाइलाजानं कुंपणाकडेची एक पत्र्याची लांबट खोली रिकामी करून दिली. पुण्याला बालसंगोपनाचा वर्ग केलेल्या कुसुमताईंना ती खोली चालवायला नेमलं. त्यांचं हे पहिलंच काम होतं. त्यांच्या मदतीला गवराबाई, साठीकडं झुकलेल्या, अंगानं थोराड, डझनभर नातवंडं वाढवलेल्या.

मला पाळणाघराच्या पडवीत, दाराच्या बाजूला टांगलं. तिथून मला सगळं दिसायचं. बाहेर फाटकापासून येणारी वाट आणि आत आढ्याला बांधलेल्या लुगड्यांच्या झोळ्या.

पाळणाघर चालवणं पुण्याच्या वर्गात शिकलं तरी खरं शिकणं पिंपरीतच झालं. पहिल्याच आठवड्यात कुसुमताईंनी सगळ्या लेकरांना गरम पाण्यानं न्हाऊ घातलं, डोळ्यांतलं काजळ पुसलं आणि गालावरची तीट चोळून चोळून काढली. स्वच्छता! संध्याकाळी आया आल्या आणि पडवीत रणकंदन झालं. "माज्या लेकराची तीट कुनी पुसली? नजर लागली तर तुमी उतरवनार हाय का?" कुसुमताई रडकुंडीला आल्या. पण बाई शहाणी होती. दुसऱ्या दिवसापासून आंघोळ झाली की ती प्रत्येकाची तीट पुन्हा जागच्या जागी लावू लागली. कोणाची गालावर, कोणाची कपाळाच्या कडेला, कोणाची तळपायावर. बायका खूश झाल्या. लंगोटांची अदलाबदल व्हायची, म्हणून प्रत्येकाच्या लंगोटाला वेगळ्या रंगाचा धागा आला. रांगत्या पोरांसाठी अंगणात वाळू आली. हळूहळू खोलीला घरपण आलं.

आणि मी वाजत होते! झोळीतलं एखादं लेकरू भुकेनं कळवळलं की गवराबाई दोरी ओढायच्या. माझा आवाज कारखान्याच्या पत्र्यावरून पार पलीकडच्या भिंतीपर्यंत जायचा. मग एक गंमत व्हायची. रडायचं एकच लेकरू, पण पाजणाऱ्या सगळ्याच बायकांना पान्हा फुटायचा. हाक कुणाच्या लेकराची आहे हे काळजाला कुठं कळतं? सगळ्याच उठायच्या, सगळ्याच पदर सावरत धावायच्या.

यातूनच घोटाळा झाला. धावण्याच्या गडबडीत काचा फुटायच्या. बायकांवर देखरेख करणारे मुकादम होते रंगराव. मिशा मोठ्या, आवाज त्याहून मोठा. ते फुटलेल्या काचांचं घमेलं घेऊन एक दिवस थेट मॅनेजर यशवंतरावांसमोर उभे राहिले.

"सायेब, ही घंटा न्हाई, ही अवदसा हाय. ती वाजली का समद्या बाया उटत्यात. म्या काम कसं घ्यावं?"

यशवंतराव सभ्य माणूस. कधी आवाज चढवायचे नाहीत. मित्रांनो, मला ओरडणाऱ्या माणसांची भीती वाटत नाही, मी स्वतःच ओरडणारी आहे. मला अशा हळू बोलणाऱ्यांची भीती वाटते. ते पडवीत आले, कुसुमताईंना खुर्ची दिली आणि मऊ आवाजात म्हणाले, "कुसुमताई, तुम्ही नवीन आहात म्हणून सांगतो. व्यवस्था म्हणजे शांतता. चांगल्या पाळणाघरातून बाहेर आवाज येत नाही. घंटा जेवणाच्या सुट्टीत वाजेल तेवढी पुरे. आणि ज्या बाईचं मूल फार रडतं, तिला रंगराव समज देतील. दोनदा समज देऊनही फरक पडला नाही, तर तिनं मूल आणू नये."

मूल आणू नये म्हणजे काय? तान्ह्या लेकराची आई त्याला घरी कुणाजवळ ठेवणार, दाराच्या कडीजवळ? म्हणजे कामावर येऊ नये, असंच ना? मग तसं म्हणा की! पण तसं म्हटलं तर कायद्यात बसत नाही.

कुसुमताईंनी वाद घालायला हवा होता. घातला नाही. पहिली नोकरी, समोर मॅनेजर, आणि मनात आपण कारभार नीट करतो हे दाखवायची हौस. त्या 'बरं' म्हणाल्या. वारा आला तरी मी हलायचे आणि वाजायचे, म्हणून त्यांनी खोक्यांच्या ढिगातून गोणपाटाचा तुकडा आणला, माझ्या लोळ्याला गच्च गुंडाळला आणि वर सुतळी आवळली. ज्या हातांनी मला मांडीवर धरून चाकणहून आणलं, त्याच हातांनी माझ्या तोंडात बोळा कोंबला. जेवणाच्या सुट्टीत बोळा काढायचा, सुट्टी संपली की पुन्हा बांधायचा, असं ठरलं. पुढं पुढं काढायचाही कंटाळा आला. सुट्टीचा भोंगा होताच की.

तरी लेकरं रडायची ती रडायचीच. त्यांना कुठं गोणपाट बांधलं होतं? सकाळी पाजलेलं दूध किती वेळ पुरणार? रडून रडून त्यांचे गळे बसायचे. तिकडे रंगराव सगळ्यांच्या देखत एकेका बाईला झापायचे. आणि मग हळूहळू, अगदी हळूहळू, खोली शांत होऊ लागली.

आधी एक झोळी गप्प झाली. मग तिच्या शेजारची. काही आठवड्यांत अशी वेळ आली की भर दुपारी पाळणाघरात फक्त माशांचा आवाज ऐकू यायचा. लेकरं झोपलेली. सगळी. सारखी झोपलेली. वाळूत कोणी रांगत नव्हतं, मातीचे घास खात नव्हतं. कुसुमताई हरखल्या. त्यांना वाटलं, शिस्त लागली! वेळेवर आंघोळ, स्वच्छ दुपटी, मोकळी हवा, आपलं शिक्षण फळाला आलं. त्या टाचा न वाजवता झोळ्यांमधून फिरायच्या आणि समाधानानं हसायच्या.

मला मात्र ठाऊक होतं. कारण मी पडवीत होते. सकाळी फाटकातून आत आल्यावर आया माझ्याखाली थांबायच्या, इकडे तिकडे बघायच्या, कनवटीची पुडी सोडायच्या आणि अंगठ्याच्या नखावर मोहरीएवढं काळं काहीतरी घेऊन लेकराच्या जिभेला लावायच्या. अफू होती ती. मित्रांनो, त्या काळी ही गोष्ट कोणाला गुन्हा वाटत नव्हती. रोजावर जाणाऱ्या किती बायांनी अशी लेकरं झोपवून कामं केली असतील. आजी आईला शिकवायची, सासू सुनेला शिकवायची. गवराबाईंना ते दिसत होतं आणि त्यांना त्यात वावगं दिसत नव्हतं. त्यांनी स्वतःही तसंच केलं होतं. पुण्याहून आलेल्या कुसुमताईंना मात्र ही रीत माहीत नव्हती, आणि त्यांना सांगणार कोण? मी? माझ्या तोंडात गोणपाट!

त्या सगळ्या शांततेत एकच झोळी ओरडायची. भागूबाईच्या लेकीची, ठकूची. काय गळा होता त्या पोरीचा! भूक लागली की पत्रे हादरवायची. मला ती फार आवडायची. भागूबाई काळेवाडीची, वयानं लहान, स्वभावानं हट्टी. नवरा चिमाजी आजारानं अंथरुणाला खिळलेला, घरात कमावणारी ती एकटी. बाकीच्या बायांनी तिला पुडी देऊ केली, तर ती म्हणाली होती, "माजी लेक झोपंल तवा झोपंल. म्या असलं काय देनार न्हाई." त्यासाठी तिनं रंगरावांची एकदा बोलणी खाल्ली, दुसऱ्यांदा खाल्ली.

अशातच बातमी आली की सरकारी इन्स्पेक्टर साहेब पाळणाघर बघायला येणार. झाडलोट झाली, झोळ्यांची लुगडी धुतली, भिंतीला चुना लागला. आदल्या दिवशी संध्याकाळी रंगरावांनी भागूबाईला माझ्याच खाली गाठलं.

"भागे, उद्या सायेब येनार. उद्या जर तुजी पोरगी वराडली, तर परवापासनं फाटकात पाऊल टाकू नगंस. आता तिसऱ्यांदा सांगनार न्हाई."

 भागूबाईनं ठकूला खांद्यावर घेतलं आणि वाट धरली.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती सगळ्यांच्या आधी आली. माझ्याखाली उभी राहिली. तिच्या नखावर पहिल्यांदाच तो काळा ठिपका होता. कधी दिली नव्हती, त्यामुळे मोहरीएवढा की त्याहून मोठा, तिला तरी कुठं कळत होतं? तिनं तो ठकूच्या जिभेवर पुसला. "आजच्या दिस फकस्त," ती लेकीच्या कानात म्हणाली, गवराबाईंच्या हाती लेक दिली आणि मागं न बघता कामावर गेली.

आणि पुढं जे झालं ते आठवलं की आजही माझं पितळ तापतं. ठकू काही लगेच झोपली नाही. ती किरकिरू लागली. गवराबाईंनी झोळीत डोकावलं. त्यांना भागूबाईची दया आली. ही पोर आज रडली तर बिचारीची चूल विझेल. भागूबाई हट्टी, ती काही देणार नाही, मग आपणच द्यावी. चांगल्या मनानं त्यांनी आपली पुडी सोडली आणि नख ठकूच्या ओठांत घातलं. आईनं दिली होती हे गवराबाईंना ठाऊक नव्हतं. गवराबाई देणार हे आईला ठाऊक नव्हतं. दोघींचं पाहिलं होतं फक्त मी. मी दोरीवर झोके घेतले, वाऱ्याला हाका मारल्या. माझ्या पोटातून नुसतं धप्प, धप्प असं वाजलं. गोणपाटातून तेवढंच बाहेर येतं.

साहेब आले. कोणीतरी माझ्या गळ्यात झेंडूची माळ घातली. जीभ बांधलेल्या घंटेला हार! खोलीत चिडीचूप शांतता. साहेब झोळ्यांमधून फिरले आणि हलक्या आवाजात म्हणाले, "कमाल आहे. इतकी मुलं आणि एकही रडत नाही! माझ्या घरी दोन आहेत, तर डोकं उठतं." यशवंतराव हसले. रंगराव मिशीत हसले. कुसुमताईंचा चेहरा उजळला. "हे आदर्श पाळणाघर आहे, असा मी शेरा देईन," साहेब म्हणाले आणि सगळे चहाला समोरच्या झाडाखाली बसले.

कुसुमताई मात्र आत आल्या. आनंद झाला की माणसाला कोणाला तरी उचलून घ्यावंसं वाटतं. त्यांनी ठकूला झोळीतून उचललं. सगळ्यात रडवी ती आज किती शहाण्यासारखी वागली! उचललं आणि ठकूची मान मागं गळून पडली. त्यांनी गाल थोपटला. हाक मारली. ठकूचे ओठ निळसर पडले होते आणि छाती हलते की नाही ते नीट कळत नव्हतं.

"गवराबाई! हिला काय झालं?"

गवराबाई धावत आल्या, बघताच त्यांनी कपाळावर हात मारला. "अगं बया! म्या तर मोहरीएवढीच दिली वं!"

"काय दिली?"

"अफू. समद्याच देत्यात की, ताई. तुमाला न्हाई ठावं?"

कुसुमताईंनी खोलीभर नजर फिरवली. एक एक झोळी. त्यांची शिस्त, त्यांची शांतता, त्यांचं आदर्श पाळणाघर. सगळं त्या एका क्षणात त्यांना कळलं. आता त्या काय करतील? समोर साहेब चहा पीत होते. हळूच यशवंतरावांच्या कानात सांगता आलं असतं. मामला दबक्या आवाजात मिटवता आला असता, आणि तेवढ्यात ठकू गेली असती.

त्या ठकूला घेऊन पडवीत आल्या. माझ्या गळ्यातली माळ त्यांनी हिसकून फेकली. सुतळीची गाठ सुटेना. एका हातावर लेकरू, म्हणून त्यांनी ती दातांनी तोडली. गोणपाट खाली पडलं. आणि मग त्यांनी दोरी ओढली.

मित्रांनो, मी वाजले! कित्येक महिन्यांचा राग होता माझ्या पोटात. मी अशी वाजले की साहेबांच्या हातातली बशी निसटली. कारखान्यात काचा फुटल्याचा आवाज झाला, एक नाही, अनेक. बायका उठल्या होत्या. रंगराव दारात दोन्ही हात पसरून उभे राहिले, "कुनी हलायचं न्हाई!" म्हणून ओरडले. बायका त्यांच्या हाताखालून, बाजूनं, त्यांना ढकलून बाहेर पडल्या. सगळ्यांच्या चोळ्या दुधानं भिजलेल्या. सगळ्यात पुढं भागूबाई.

"बाई, माजी ठकू?"

कुसुमताईंनी तिच्या हातात लेक दिली आणि साहेबांसमोर जाऊन उभ्या राहिल्या. "साहेब, गाडी काढा. लेकराला अफू चढली आहे. पुण्याला दवाखान्यात न्यायचं आहे."

"कुसुमताई," यशवंतराव त्यांच्या त्या मऊ आवाजात म्हणाले, "हा आपल्या आतला मामला आहे. डॉक्टरांना इथेच बोलावून घेऊ. साहेबांना कशाला..."

"गाडी काढा म्हटलं ना!"

तो आवाज माझ्याहून मोठा होता. साहेबांनी निमूटपणे जीप काढली. भागूबाई ठकूला छातीशी धरून बसली. कुसुमताई ठकूच्या तोंडावर पाण्याचे हबके मारत होत्या, तळपायावर चापट्या मारत होत्या. पाण्यानं गालावरची तीट ओघळून हनुवटीपर्यंत आली होती. जीप धुरळा उडवत पुण्याच्या रस्त्याला लागली.

इकडे बायका कामावर परत गेल्या नाहीत. कोणी कोणाला सांगितलं नाही, ठरवलं नाही. प्रत्येकीनं आपापलं लेकरू झोळीतून काढलं. काही लेकरं डोळे उघडेनात, तेव्हा बायका कावऱ्याबावऱ्या झाल्या. त्यांनी लेकरांना हलवलं, तोंडं धुतली, कडेवर घेऊन अंगणात येरझाऱ्या घातल्या. आणि मग एक रडलं. दुसरं रडलं. थोड्या वेळात सगळी खोली अशी काही केकाटू लागली की बस्स! रंगरावांनी कानांवर हात ठेवले. मी आयुष्यात याहून सुरेल काही ऐकलेलं नाही.

दिवस मावळता मावळता जीप परत आली. कुसुमताई एकट्याच उतरल्या. त्यांच्या अंगावरचं पातळ चुरगळलेलं, केस सुटलेले. भागूबाई नाही, ठकू नाही. बायका जीपभोवती गोळा झाल्या. गवराबाई तर पडवीच्या खांबाला धरून खाली बसल्या.

"रडली," कुसुमताई म्हणाल्या. "आत्ता निघताना रडली. सगळा दवाखाना डोक्यावर घेतला पोरीनं."

आता तुम्ही म्हणाल, झालं, संपली गोष्ट, राग सोड. कसा सोडू? दुसऱ्या दिवशी काय झालं ते ऐका. साहेब चौकशीला आले. यशवंतरावांनी निर्णय तयारच ठेवला होता. "अडाणी बायका आहेत, साहेब. आम्ही इतकी सोय करतो आणि या असं करतात. ती भागूबाई आणि ती गवराबाई, दोघींना कामावरून काढलं आहे." किती सोपं! चोर सोडून संन्याशाला सुळी, ती हीच.

कुसुमताईंनी खाली पडलेलं गोणपाट उचललं आणि साहेबांपुढं धरलं.

"अफू मी दिली," त्या म्हणाल्या.

यशवंतराव दचकले. "भलतंच काय बोलता?"

"हे गोणपाट मी या घंटेला बांधलं. त्याच्या आधी इथं येणारी एकही बाई लेकराला अफू देत नव्हती. मूल रडलं की आई यायची, पाजायची, परत जायची. आपण आईची वाट अडवली आणि वर मूल रडलं तर काम जाईल म्हणून धमकावलं. मग त्यांनी काय करायचं होतं? काढायचं असेल तर पहिलं मला काढा. आणि साहेब, तुमचा तो आदर्श पाळणाघराचा शेरा खोडा."

त्यांच्या मागं बायका उभ्या होत्या, लेकरं अंगावर पीत होती. समोर कारखान्यात काचा तशाच पडून होत्या आणि पेंढा वाऱ्यानं उडत होता. दिवाळी तोंडावर आली होती, कंदील बाजारात जायला हवे होते. यशवंतरावांनी त्या रिकाम्या बाकांकडं पाहिलं. त्यांचं मन वगैरे काही पालटलं नाही, उगाच गैरसमज नको. पण त्यांनी मान हलवली. भागूबाई परत आली, गवराबाई राहिल्या. गवराबाईंनी आपली पुडी सगळ्यांसमोर चुलीत टाकली.

आणि फुटणाऱ्या काचांचं काय? त्याच दुपारी कुसुमताई बायकांबरोबर पडवीत मांडी घालून बसल्या आणि बोलता बोलता तोड निघाली. पहिला ठोका पडला की हातातली काच पेंढ्यात ठेवायची. दुसरा ठोका पडला की उठायचं. बस्स. त्यानंतर घंटेपायी काच फुटली नाही. अरे, एवढंच करायचं होतं! दोन ठोके! त्यासाठी कोणी आधी बायकांना एकदा विचारलं असतं, तर एका लेकराचे ओठ निळे पडले नसते. माझा राग आहे तो याचा.

ठकू परतली त्या दिवशी कुसुमताईंनी स्वतः तिच्या गालावर तीट लावली, चांगली ठसठशीत. ठकूनं भोकाड पसरलं. कुसुमताई पुढं कितीतरी वर्षं ते पाळणाघर चालवत राहिल्या. दुसऱ्या कारखान्यांतून बाया काम शिकायला त्यांच्याकडं यायच्या, तेव्हा त्या दूध, दुपटी, लंगोट यांच्याही आधी त्यांना माझ्यापाशी आणायच्या. म्हणायच्या, "रडणारी खोली बघून घाबरू नका. गप्प खोली बघून घाबरा."

पुढं कारखाना बंद पडला. मी भंगारात गेले, तिथून कोणीतरी हौसेनं मला उचललं आणि आज मी इथं आहे. माझा लोळा आतून तारेनं आवळलेला आहे, म्हणजे मुलांनी खेळता खेळता वाजवू नये. रोज नवे आई-बाप येतात, दारात उभे राहून आत कान देतात आणि खूश होऊन म्हणतात, "किती शांत आहे हो इथं!" त्या वेळी तारेत अडकलेली मी मुळापासून थरथरते. आत सगळं ठीकच असेल. लेकरं खरंच झोपली असतील, असूही शकतील. पण मी फसवी शांतता पाहिलेली आहे, आणि मला हार घालून गप्प बसवलेलं आहे.

म्हणून मित्रांनो, माझं एवढं ऐका. तुमचं धाकटं भावंड रडलं तर त्याला 'गप्प बस' म्हणू नका, काय हवंय ते विचारा. आणि जिथं पुष्कळ लेकरं आहेत पण आवाज नाही, तिथं दारात उभं राहून कौतुक करू नका. चपला काढा आणि आत जाऊन बघा.